किती जोर लावला ते सांगणारा व्यायामाचा बँड घरी कसा बनवायचा

खांदा धरला होता तेव्हा मी तीन महिने रबरी बँड ओढत होते. फिजिओ दर वेळी दोनच गोष्टी विचारायचे, किती वेळा केलं आणि किती जोर लावला. पहिल्याचं उत्तर कसंबसं देता यायचं, दुसऱ्याचं काय देणार, "हिरवा बँड होता, जरा आखूड धरला होता" एवढंच. बँडचा रंग म्हणजे काही आकडा नाही, एका कंपनीचा हिरवा दुसऱ्या कंपनीच्या लालइतका असू शकतो, आणि तोच बँड तुम्ही चार बोटं आखूड धरला की सगळा हिशोब बदलतो. १९४५ मध्ये थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी जखमी सैनिकांसाठी हळूहळू वजन वाढवत नेण्याची पद्धत मांडली, ती सगळी उभीच आहे आकड्यावर, म्हणजे दहा वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन किती ते आधी शोधायचं आणि तिथून पुढे जायचं. बँड हातात घेतला की तो आकडाच हरवतो. तो परत मिळवायचा म्हणून मी हे बनवायला घेतलं, आत्तापर्यंत चार व्हर्जन झाली, आणि जे शिकले ते इथे लिहिते.

सगळ्यात आधी एक काम करा, कुठलाही सेन्सर ऑर्डर करण्याआधी कागदावर लिहा की या वस्तूने तुम्हाला नेमकं काय सांगायचंय. हे मी पहिल्या व्हर्जनला केलं नव्हतं, जे मिळेल ते लावलं आणि ढीगभर डेटा आला ज्यातून एकही प्रश्न सुटला नाही. फक्त रेप मोजायचे असतील, म्हणजे व्यायाम किती वेळा केला ते, तर मनगटावर एक छोटा मोशन सेन्सर पुरतो, बाकी काही नको. किती जोर लागला हे हवं असेल तर लोड सेलच, म्हणजे ओढ मोजणारा सेन्सर, लागतो, मोशन सेन्सरवरून जोर काढता येत नाही, कारण हात तसाच हलतो पण बँड नवा की जुना, आखूड धरला की लांब, हे हाताच्या हालचालीत दिसतच नाही. आणि किती अंतर ओढलं, कुठल्या वेगाने ओढलं हे नीट हवं असेल तर दोरी, ती गुंडाळणारा ड्रम आणि ड्रमचे फेरे मोजणारा एन्कोडर. तिन्ही एकदम करायला जाऊ नका. पहिलं व्हर्जन बँड अधिक लोड सेल, दुसऱ्यात मोशन सेन्सर, आणि ते दोन्ही नीट चाललं तरच ड्रम.

जोर कुठून आणायचा

लोखंडी वजन बॅगेत घालून फिरता येत नाही, तेव्हा रेझिस्टन्स दुसऱ्या कशातून तरी काढायचा. जिथे वजनाला वजनच नसतं तिथल्या लोकांनी यावर भरपूर डोकं चालवलंय. अपोलो मोहिमांत अंतराळवीरांकडे एका दांड्याभोवती दोरीचे वेढे घालून घर्षणातून जोर देणारं एक हातात मावेल एवढं साधन होतं, आणि २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात जे मोठं मशीन गेलं, एआरईडी, त्यात व्हॅक्यूम सिलिंडर आहेत आणि ते २७२ किलोपर्यंतचा भार देतं. ते काही पोर्टेबल नाही, पण वजनाशिवाय खरा जोर निघतो हे त्यातून कळतं.

आपल्यासमोरचे पर्याय असे. रबरी बँड: हलका, स्वस्त, परत येतानाही ओढतो, पण जोर एकसारखा नसतो, सुरुवातीला पटकन चढतो, मग जरा सपाट होतो आणि अगदी शेवटी परत एकदम कडक होतो. दांड्यावरची दोरी: एकदम छोटी, पण इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही की घर्षण वेढ्यांच्या प्रमाणात वाढत नाही, ते गुणाकाराने वाढतं. घर्षणाचा गुणांक ०.२५ धरला तर एक पूर्ण वेढा जोर साधारण ४.८ पट करतो, दोन वेढे २३ पट, तीन वेढे १११ पट. म्हणजे अर्धा वेढा इकडेतिकडे झाला की व्यायामच बदलतो, शिवाय दोरी घामाने ओली झाली किंवा घासून गुळगुळीत झाली की परत वेगळं. मॅग्नेटचा ब्रेक, म्हणजे फिरणाऱ्या ॲल्युमिनियमच्या चकतीजवळ मॅग्नेट आणायचा: अजिबात घासत नाही, आवाज नाही, पण त्याचा जोर वेगावर अवलंबून असतो, थांबलात की शून्य. धरून ठेवायचे व्यायाम त्यावर होतच नाहीत.

आणि दोरीचं घर्षण काय किंवा मॅग्नेट काय, दोन्ही फक्त अडवतात, परत ओढत नाहीत. वजन खाली आणताना स्नायू ताणला जात असतानाच काम करतो, तो अर्धा व्यायाम या दोन्हींत हरवतो. दुखण्यातून उठलेल्या माणसाला बऱ्याचदा तोच अर्धा भाग हवा असतो, म्हणून मी अजूनही बँडकडेच येते.

मोटर लावायचा मोह सगळ्यांना होतो, मलाही झाला. मोटरने हवा तो जोर हव्या त्या क्षणी देता येतो हे खरं, पण एक साधा हिशोब करून बघा. २०० न्यूटन म्हणजे साधारण २० किलोचा जोर, एक मीटर प्रति सेकंद वेगाने ओढलात तर तुम्ही मोटरमध्ये २०० वॉट ढकलताय, मोटर त्या वेळी जनरेटर असते, ती वीज कुठेतरी जायला हवी, बॅटरीत नाहीतर ती उष्णतेत घालवणाऱ्या ब्रेक रेझिस्टरमध्ये, नाहीतर व्होल्टेज चढून मोटर चालवणारा ड्रायव्हर बोर्ड जळून जातो. माझे दोन गेले. आणि कोड अडकला तर दोरी स्वतःहून माणसाला ओढू शकते, बँड असं कधी करत नाही. त्यामुळे मोटर नंतर, खूप नंतर, आणि हाताशी असा स्विच ठेवूनच जो कोडमधून न जाता थेट वीज तोडतो.

लोड सेल

हा या सगळ्याचा जीव आहे, त्यामुळे इथे वेळ घालवा. लोड सेल म्हणजे धातूचा एक तुकडा, त्यावर स्ट्रेन गेज, म्हणजे ताण ओळखणाऱ्या बारीक पट्ट्या, चिकटवलेले असतात, धातू केसाच्या जाडीपेक्षाही कमी ताणला तरी गेजचा विजेला होणारा रेझिस्टन्स बदलतो. १९३८ मध्ये एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी स्वतंत्रपणे हा गेज शोधला आणि आजही वजनकाट्यांत तोच असतो. चार गेज व्हीटस्टन ब्रिज नावाच्या सर्किटमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे तापमानाचा परिणाम बराचसा आपोआप कटतो.

ओढण्यासाठी एस आकाराचा लोड सेल घ्या, दोन्ही बाजूंना आटे असतात, त्यात आय बोल्ट, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बोल्ट, बसतो आणि आय बोल्टमध्ये कॅराबिनर, म्हणजे उघडता येणारी धातूची कडी. बाथरूमच्या काट्यातले चपटे सेल घेऊ नका, ते दाबासाठी असतात. एस सेलला सरळ ओढच आवडते, तिरकी ओढ पडली की रीडिंग चुकतं, म्हणून त्याला कशावरही घट्ट स्क्रू करू नका, दोन्ही टोकं मोकळी फिरली पाहिजेत, मग तो आपोआप ओढीच्या रेषेत येतो. तुमचा सगळ्यात मोठा जोर ४० किलो असेल तर सेल १०० किलोचा घ्या, कारण झटका बसला की क्षणभर जोर दुप्पट-अडीचपट होतो, आणि एकदा सेल त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला गेला की त्याचा शून्य कायमचा सरकतो.

लावायचा कुठे? पहिल्यांदा मी हँडलमध्ये लावला होता कारण जोर हाताला लागतो ना, मग हातातच मोजावा. चूक. हँडल जड झालं, वायर दर रेपला वाकून आठवड्यात तुटली, आणि बँड सुटला असता तर तो धातूचा तुकडा थेट तोंडावर आला असता. बँडला स्वतःचं वजन जवळपास नसतंच, त्यामुळे मधे पुली किंवा दाराची कड काही घासत नसेल तर बँडच्या दोन्ही टोकांना जोर सारखाच असतो. म्हणजे सेल अँकरकडे, बँडच्या अडकवलेल्या टोकाला लावा, तिथे तो जवळपास स्थिर असतो, वायर वाकत नाही आणि बोर्ड, बॅटरी सगळं तिथेच एका डबीत राहतं.

सेलचा सिग्नल फार बारीक असतो. बऱ्याच सेलवर २ मिलीव्होल्ट प्रति व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे ३.३ व्होल्ट दिले तर १०० किलोलाही फक्त ६.६ मिलीव्होल्ट मिळतात, २० किलोला त्याचा पाचवा भाग. म्हणून मधे एचएक्स ७११ नावाचा चिप लागतो, २४ बिटचा, तो हा सिग्नल मोठा करून आकड्यात देतो. (२४ बिट लिहिलंय म्हणून २४ बिट खरे मिळत नाहीत, खालचे बरेच बिट नुसते थरथरत असतात, पण आपल्याला ५० ग्रॅमपर्यंत कळलं तरी चिकार झालं.) आता यातली मेख. हा चिप सेकंदाला १० किंवा ८० वेळा मोजू शकतो आणि बाजारातले बहुतेक मॉड्यूल १० वर बांधलेले येतात. ओढायला अर्धा सेकंद लागत असेल तर १० च्या हिशोबाने तुम्हाला पाच ठिपके मिळतात, त्यातून जोर कसा चढला-उतरला त्याचा वक्र काय काढणार. मॉड्यूलवरचा रेट नावाचा पिन ग्राउंडपासून सोडवून पॉवरला जोडा की ८० होतात, अर्ध्या सेकंदात ४० ठिपके. थोडी थरथर वाढते, पण चालतं, तीन-चार रीडिंगचा मधला आकडा घेतला की शांत होतं.

कोड चालवणारा कंट्रोलर म्हणून मी ईएसपी ३२ हा छोटा बोर्ड वापरते कारण त्यात ब्लूटूथ आतच आहे. एचएक्स मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या, ५ दिलेत तर त्याचा डेटा पिनही ५ व्होल्ट बाहेर टाकतो आणि ईएसपीच्या पिनला ते सोसत नाही.

कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे सेलचं रीडिंग खऱ्या वजनाशी जुळवायला, प्रमाणित वजनं नसली तरी अडत नाही, पाणी आहे. सेल मजबूत जागी वर टांगा, खाली रिकामी बादली लटकवा आणि ते शून्य धरा, मग एक-एक लिटर मोजून ओतत जा, लिटर म्हणजे किलो. ५, १०, १५, २० वर रीडिंग लिहून घ्या, कागदावर ठिपके काढले तर सरळ रेष यायला हवी, नाही आली तर कुठेतरी काहीतरी टेकतंय किंवा सेल तिरका आहे. मग २० किलो तसंच १० मिनिटं लटकत ठेवा आणि आकडा किती सरकतो ते बघा. दर सेटच्या आधी बँड सैल असताना दोन सेकंद थांबून शून्य परत घ्या, हे कोडमध्येच घालून टाका, माणूस विसरतो.

आकडा न्यूटनमध्ये दाखवायचा की किलोत यावर वाद घालत बसू नका. आत न्यूटन ठेवा, बाहेर किलो दाखवा, व्यायाम करणाऱ्याला किलोच कळतात.

हालचाल मोजणं, आणि इथे मी कुठे अडकले

मोशन सेन्सर म्हणजे एमपीयू ६०५० सारखा छोटा चिप, त्यात त्वरण मोजणारा ॲक्सिलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो दोन्ही असतात. व्यायामाला प्लस-मायनस ४ जी आणि ५०० अंश प्रति सेकंद ही रेंज पुरते, सेकंदाला १०० रीडिंग घ्या. तो हँडलवर लावू नका कारण हँडल मुठीत फिरतं, पट्ट्याने हाताच्या पुढच्या भागावर बांधा, मनगटाच्या जरा वर, पट्टा नेहमी त्याच जागी येईल अशी खूण करा. हातावरच्या या सेन्सरला स्वतःचा छोटा बोर्ड आणि छोटी बॅटरी द्या आणि अँकरच्या डबीशी ब्लूटूथने बोलू द्या, वायर ओढू नका.

नवीन माणूस पहिली चूक हीच करतो की ॲक्सिलरोमीटरवरून अंतर काढायला जातो. पुस्तकात बरोबरच आहे, त्वरणावरून वेग, वेगावरून अंतर, पण सेन्सरमध्ये ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढी बारीकशी चूक कायम असली तरी १० सेकंदांत तुमचा हात अडीच मीटर सरकलेला दिसतो, जिथे तो हललेलाच नाही, कारण चूक वेळेच्या वर्गाने वाढते. अंतराचा नाद सोडा, कोन मोजा. जायरो पटकन होणारी हालचाल छान पकडतो पण हळूहळू वाहवत जातो, ॲक्सिलरोमीटरला गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे आहे ते माहीत असतं पण हलताना तो गोंधळतो, तेव्हा दोघांचं मिश्रण करायचं, ९८ टक्के जायरोचं आणि २ टक्के ॲक्सिलरोमीटरचं ऐकायचं, याला कॉम्प्लिमेंटरी फिल्टर म्हणतात आणि तो कोडमध्ये एका ओळीचा आहे. कोपर वाकवून वर उचलायच्या व्यायामाला हे इतकं सुरेख चालतं की मला वाटलं झालं काम.

आणि मग मी माझा स्वतःचा व्यायाम करून बघितला. कोपर कुशीला चिकटवायचं, हात पुढे, आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवायचा, खांदा धरलेल्या जवळपास प्रत्येकाला हा दिलेला असतो. दहा रेपनंतर कोन भलताच, हात पोटाशी आणलाय आणि स्क्रीन म्हणते २५ अंश बाहेर. दोन आठवडे मी फिल्टरचे आकडे बदलत बसले, सेन्सर बदलला, काही फरक नाही. मग एका रात्री लक्षात आलं की या व्यायामात हात उभ्या अक्षाभोवती फिरतो, दार बिजागरीवर फिरतं तसा, आणि दार कितीही उघडलं तरी खालची दिशा तीच राहते! ॲक्सिलरोमीटरला ही हालचाल दिसूच शकत नाही, तो जायरोची चूक सुधारणार कशी. होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर लावून बघितला, पण आजूबाजूला लोखंडी काही असलं की तो भरकटतो.

उत्तर लोड सेलमध्ये होतं. हात पोटाशी परत आला की बँड सैल होतो किंवा सुरुवातीच्या ताणावर येतो, आणि हे लोड सेलला नेमकं कळतं. मग कोडमध्ये एवढंच घातलं की जोर खालच्या पातळीला येऊन पाव सेकंद स्थिर राहिला आणि जायरोही शांत असला तर कोन शून्य कर. चूक एका रेपपुरतीच साचते आणि पुसली जाते. जोर मोजणारा सेन्सर हालचाल मोजणाऱ्याला दर रेपला ताळ्यावर आणतो. तुम्ही कुठलाही व्यायाम यात बसवताना आधी विचारा, हात कुठल्या अक्षाभोवती फिरतोय, अक्ष आडवा असेल तर गुरुत्वाकर्षण मदतीला आहे, उभा असेल तर नाही.

रेप मोजणं

एकच मर्यादा ठेवून तिच्या वर गेला की एक मोज, असं केलंत तर मर्यादेपाशी हात थरथरला की एका रेपचे चार होतात, आणि थकलेला हात थरथरतोच. दोन मर्यादा ठेवा. पहिले तीन रेप शिकण्यासाठी घ्या, त्यातून त्या माणसाची पूर्ण हालचाल किती ते काढा, मग त्याच्या ७० टक्क्यांच्या वर गेला की "वर" आणि ३० टक्क्यांच्या खाली आला की "खाली", आणि खालून वर जाऊन परत खाली आला तरच एक रेप. मधल्या पट्ट्यात काहीही थरथरू दे. शिवाय ०.४ सेकंदाच्या आत झालेला रेप धरायचा नाही, तो धक्का असतो. ज्याचा हात फक्त ४० अंश जातो त्याचे ४० अंश हेच १०० टक्के धरा, दुसऱ्या कुणाचं माप त्याला लावू नका, दुखण्यातून उठणाऱ्या माणसाचे रेप मशीनने मोजलेच नाहीत तर तो ते मशीन दुसऱ्या दिवशी कपाटात टाकतो. अर्धवट रेप झाला तर तोही वेगळा नोंदवा, फेकू नका.

एवढं झालं की बाकीचं आपोआप मिळतं: ओढायला किती वेळ, धरून किती, सोडायला किती, सगळ्यात जास्त जोर कितीचा आणि कुठल्या कोनात. मला सगळ्यात उपयोगी पडलं ते सोडतानाचं. मला वाटायचं मी सावकाश सोडते, प्रत्यक्षात ओढायला दीड सेकंद आणि सोडायला अर्धा सुद्धा नाही.

ड्रम आणि दोरी, ज्यांना वेग हवा आहे त्यांच्यासाठी

स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितका त्याचा जोर कमी होतो, ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये हे बेडकाच्या स्नायूवर मोजून दाखवलं, आणि उलट बघितलं तर त्याच भाराला वेग कमी व्हायला लागला म्हणजे स्नायू थकला. म्हणून वेग मोजण्यात अर्थ आहे. ५० मिमी व्यासाचा ड्रम घ्या, घेर १५७ मिमी, दोन मीटर दोरीला पावणेतेरा फेरे. एएस ५६०० हा मॅग्नेटिक एन्कोडर एका फेऱ्याचे ४०९६ भाग करतो, म्हणजे ०.०४ मिमीलाही एक भाग येतो, गरजेपेक्षा खूप जास्त. मॅग्नेट मात्र व्यासाच्या दिशेने मॅग्नेटाइज केलेला हवा, साधा चकतीचा लावलात तर आकडा हलतच नाही. हा एन्कोडर एका फेऱ्यापुरतंच सांगतो, पूर्ण फेरे तुम्ही कोडमध्ये मोजायचे, आणि दीड मीटर प्रति सेकंदाला ड्रम सेकंदात साडेनऊ वेळा फिरतो, म्हणून सेकंदाला निदान २०० वेळा वाचा, नाहीतर फेरा निसटतो आणि पुढचं सगळं चुकतं.

दोरी नायलॉनची नको, ती स्वतःच ताणते, डायनिमासारखी न ताणणारी घ्या. ड्रम रुंद ठेवा म्हणजे दोरी एकाच थरात गुंडाळेल, थरावर थर चढला की व्यास बदलतो आणि अंतर चुकतं. गाठ मारलीत तर दोरीची ताकद जवळपास अर्धी धरा. जोर गुणिले वेग म्हणजे पॉवर, ती वॉटमध्ये लगेच मिळते.

सुरक्षितता, हे वाचल्याशिवाय ओढू नका

एक मीटर ताणलेल्या आणि टोकाला २०० न्यूटन जोर असलेल्या बँडमध्ये साधारण १०० ज्यूल ऊर्जा असते, १० किलोची वस्तू एक मीटरवरून पडावी एवढी. ती डोळ्यापाशी नको. लोड सेलच्या बाजूने दोन कॅराबिनरच्या मधे एक जाड पट्ट्याची सैल कडी घाला, सेल किंवा बोल्ट तुटला तर ओढ त्या पट्ट्यावर जाईल आणि काही उडणार नाही. जोर जिथून जातो तो सगळा रस्ता धातूचा आणि पट्ट्याचा हवा, थ्रीडी प्रिंटचं प्लास्टिक फक्त झाकणाला, कारण प्रिंटचे थर एकमेकांपासून सुटतात आणि आधी सूचना देत नाहीत. मी एक हुक प्रिंट करून वापरला होता, आठ दिवस टिकला, नवव्या दिवशी सटकन तुटला, बँड भिंतीवर आपटला म्हणून बरं. पूर्ण जोडणी झाली की माणसाने ओढण्याआधी दुप्पट वजन तिच्यावर रात्रभर टांगून ठेवा.

दाराला अडकवत असाल तर दार तुमच्यापासून पलीकडे उघडणारं हवं, म्हणजे तुम्ही ओढाल तसं ते चौकटीत आणखी घट्ट बसेल, आणि पलीकडून कुणी उघडू नये म्हणून कडी लावा. लेटेक्सला ऊन आणि घाम सोसत नाही, दर वेळी बँड ताणून उजेडात बघा, कडेला बारीक भेग दिसली तरी टाकून द्या. काहींना लेटेक्सची ॲलर्जी असते, दुसऱ्या कुणासाठी बनवत असाल तर आधी विचारा.

बॅटरी संरक्षण सर्किट असलेलीच लिथियम सेल घ्या, चार्जिंग मॉड्यूल ४.२ व्होल्टला थांबणारं असावं, आणि चार्जिंग चालू असताना व्यायाम नको. १००० मिलिअँपिअर तासाची सेल आणि सरासरी १०० मिलिअँपिअर खर्च धरला तर ८ ते १० तास निघतात. सेलला धक्का बसणार नाही अशी फोममध्ये ठेवा.

दाखवायचं काय

व्यायाम करताना मान वळवून स्क्रीन बघायला लावू नका, खांद्याच्या व्यायामात मान वळली की व्यायामच बिघडतो. मी आवाज वापरते, जोर वाढला की सूर चढतो, ठरवलेल्या जोराला पोचलं की दुसरा सूर, सोडताना घाई केली की एक खालचा सूर. आवाज जोरापाठोपाठ लगेच आला पाहिजे, सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त उशीर झाला तर हात आणि कान जुळत नाहीत. म्हणून आवाज डबीतूनच काढा, फोनवर पाठवून तिथून नको. फोनवर सेट संपल्यावर वक्र दाखवा, आजचा आणि मागच्या आठवड्यातला एकावर एक, आणि तेवढंच दाखवा.

हा डेटा माणसाच्या शरीराचा आहे, तो फोनमध्येच राहू द्या, कुठल्या सर्व्हरवर चढवायची गरज नाही. फिजिओला दाखवायचा असेल तर एक साधी फाइल पाठवता आली की झालं.

आणि एक काम दर आठवड्याला करा, मला हे फार उशिरा सुचलं. जमिनीवर दोन खुणा करा, बँड त्या दोन खुणांइतका ताणून १० सेकंद धरा आणि लोड सेल काय म्हणतो ते तारखेसकट लिहून ठेवा. बँड वापरून वापरून सैल होतो, आणि तुम्हाला वाटत असतं की ताकद वाढली. बँडची ही रीडिंग मी आता वक्राच्या फाइलमध्येच पहिल्या ओळीत टाकते, फिजिओ आधी ती ओळ बघतात आणि मग बाकीचं.